वरीस तितला झुरका

पथारीवर मिरची वाळत पडलेली असावी आणि ऐन मार्गशीर्षात आभाळ फाटावं, यासारखी अवदसा दुसरी नाही. शेतकऱ्याचं पीक बुडालं की तो देवाला शिव्या देतो. व्यापाऱ्याची मिरची भिजली की तो मजुरांना देतो. देव लांब असतो, मजूर समोर असतात. त्या वर्षी सोहनलाल शेटजींची अख्खी पथार रात्रभर पावसात भिजली आणि सकाळी शेटजींच्या तोंडाचा पट्टा सुटला तो दुपारपर्यंत थांबला नाही.

दोंडाईच्याबाहेर, नाल्याच्या अंगाला ही पथार होती, म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. नजर जाईल तिथवर लालच लाल. पाऊस उघडला, ऊन पडलं आणि त्या लालावर हळूहळू काळे-पांढरे डाग उमटायला लागले. बुरशी धरली होती. मिरची उचलली की देठाशी पीठ असल्यासारखं उडायचं आणि नाकातोंडात जायचं. शेटजींनी फर्मान काढलं की सगळी मिरची पुन्हा निवडायची, डागी एकीकडे, चांगली एकीकडे, देठ खुडून. ज्याला जमत नसेल त्यानं खुशाल चालतं व्हावं. चालतं होऊन जाणार कुठं? गावाकडे कोरडवाहू जमिनीत काही उरलं नव्हतं आणि रेशनची लाल मिलो ज्वारीसुद्धा फुकट कोणी देत नव्हतं.

हिलाल आणि मंजुळाबाई पथारीच्या कडेलाच खोप घालून राहत. तुराट्यांच्या भिंती, वर पाचट आणि दाराला गोणपाट. हिलाल दिवसभर दाताळ्यानं मिरची पालथी घालायचा आणि दिवस कलला की पोत्यात उभा राहून ती पायांनी दाबायचा. त्याच्या पोटऱ्या पौष-माघात कायम सुजलेल्या असत. मंजुळाबाई बायांच्या रांगेत देठ खुडायला बसायची. बघणाऱ्याला वाटतं, बसून करायचं काम, यात काय कष्ट? पण त्या कामानं बोटांची जी आग होते ती ताकात हात बुडवला तरी जात नाही. नवी बाई चुकून डोळ्याला हात लावते, मग नाचत सुटते आणि बाकीच्या पदराआड हसतात. मंजुळाबाई त्यात इतकी मुरली होती की रडायचं झालं तरी डोळे मनगटाच्या मागच्या बाजूनं पुसायची.

त्यांना एक पोरगा होता. त्याचं नाव झुलाल. खरं म्हणजे ते नाव त्याचं नव्हतं, पण ही गोष्ट तिथूनच सुरू होते, तेव्हा ती सांगून टाकलेली बरी.

मंजुळाबाईचा पहिला मुलगा झुलाल. तीन वर्षांचा असताना गोवरात गेला. लहान लेकराला जाळत नाहीत, नाल्यापलीकडे खड्डा काढून पुरतात. त्याला पुरायला नेण्याआधी भिकुबाई सुईणीनं मंजुळाबाईला कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं, "तव्यानी काजयी लाव तेले, कानमांगे. माघारी ऊना ते वळखू येई." मंजुळाबाईनं तव्याची काजळी बोटावर घेतली आणि पोराच्या उजव्या कानामागे टेकवली. त्याच्या करदोड्याला एक घुंगरू होतं, ते मात्र तिनं सोडून घेतलं नाही. रांगायचा तेव्हापासून ते वाजायचं, आता त्याच्याबरोबरच जाऊ दे, एवढंच तिच्या मनात आलं. खड्ड्यात उतरवताना ते एकदा वाजलं. ते फक्त तिनं ऐकलं आणि नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

वर्ष भरायच्या आत दुसरा मुलगा झाला. भिकुबाईनंच नाळ कापली, पोर उलटंपालटं करून बघितलं आणि ओरडली, "मंजुळे, ऊना व तुन्हा झुलाल!" पोराच्या कानामागे काळा डाग होता. फक्त तो डाव्या कानामागे होता. मंजुळाबाईला ते दिसलं आणि भिकुबाईलाही दिसलं. पण सुईणीकडे उत्तर नाही असं कधी झालंय? "माघारी येनारा फिरीसन येस. मंग बाजू नही बदलाव का?" असं म्हणून ती चोळी-खण घेऊन मोकळी झाली.

बारसं झालंच नाही. आहे त्या पोराचं पुन्हा बारसं कसलं? नाव तेच आणि वयही तेच पुढे चालू राहिलं. मंजुळाबाई दुसऱ्याची वर्षं पहिल्याच्या वर्षांना जोडून मोजायची. पोर पाचाचं झालं होतं, पण कोणी विचारलं तर ती मधलं वर्षही धरून बिनदिक्कत नऊ सांगायची. आपण खोटं बोलतोय असं तिला वाटतही नसे. हिलालला हे पटत नव्हतं, पण बायको हसायला लागली होती, जेवायला लागली होती, तेव्हा त्यानं तोंडाला कुलूप घातलं. एवढंच, की त्यानं पोराला झुलाल अशी हाक कधी मारली नाही. "ए पोऱ्या" म्हणायचा, नाही तर नुसतं "अरे".

आणि तिच्या मोजणीला आधार होता शेटजींच्या मंजूचा. शेटजींची नात मंजू आणि पहिला झुलाल एकाच महिन्यात जन्मलेले. मंजुळाबाई वर्षातून एकदा तरी त्या मुलीकडे टक लावून बघायची. मंजूची वेणी कमरेपर्यंत आली, मंजू शाळेत गेली, मंजूचे समोरचे दात पडून नवे आले. आपला पोरगा केवढा झाला असेल ते ती मंजूवरून ताडायची. खोपीत बसलेलं पोर त्या मापाला कुठूनच पुरत नव्हतं, पण त्याला दमा होता ना! दम्यानं खंगलंय, वाढ खुंटलीय, असं म्हटलं की माप बरोबर बसायचं.

दमा मात्र खराच होता. थंडी पडली की पोराची छाती वाजायला लागायची. आणि त्या वर्षी तर बुरशीचं पीठ रात्रंदिवस उडत होतं. पोर गुडघ्यांवर हात टेकून बसायचं, खांदे कानांपर्यंत चढायचे, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. ओठ निळसर पडायचे. रांगेतल्या बाया देठ खुडता खुडता थांबून ऐकायच्या. शेटजींच्या मुकादमाला ते चालेना. "पोरगं पलीकडे नेऊन ठेव. गिऱ्हाईक येतंय माल बघायला, त्याला वाटेल मिरची खाऊनच पोर मेलंय," म्हणाला. मंजुळाबाईनं पोर उचललं आणि खोपीत नेऊन निजवलं. पलीकडे म्हणजे तेवढंच होतं.

धापूबाई शेटाणी, म्हणजे मंजूची आजी, मनानं मऊ होती. मंजूलाही दमा होता. तिच्यासाठी मुंबईहून एक औषध फवारायचं यंत्र आणलं होतं, काचेचं नळकांडं आणि त्याला रबरी फुगा. फुगा दाबला की औषधाची वाफ तोंडात जायची आणि मंजू घटकाभरात खेळायला पळायची. मंजुळाबाई हे मागच्या दारातून कितीदा बघून आली होती. एक दिवस तिनं धीर केला, पोर काखेत घेतलं आणि धापूबाईपुढे उभी राहिली.

"शेटाणीबाई, त्या फुग्यानं मन्हा पोऱ्याले एकदा देशात का? तुमनी मंजूएवढाच शे."

धापूबाईनं पोराकडे बघितलं. मग त्याची हनुवटी धरून तोंड उघडलं. "नऊचा टाबर हा? याचे तर सगळे दुधाचे दात आहेत, मंजुळा. एक पण पडला नाही."

"दमानी खाई टाकं तेले."

"दमा दात खातो होय?" धापूबाईनं आवाज खाली आणला. "हे बघ बाई, नाही म्हणते म्हणून राग धरू नको. हे औषध उमर बघून देतात. डॉक्टरनं मंजूचं वय विचारलं, तिला काट्यावर उभी केली, मग सांगितलं, इतकेच दाब. एक जास्त झाला तर काळीज धडधडून पोर आडवी पडेल म्हणाला. दुसऱ्याच्या टाबराला मी अंदाजानं कशी देऊ? तू त्याला दवाखान्यात ने. आणि वय खरं सांग."

वय खरं सांग. मंजुळाबाईला ते शब्द लागले. घरी येईपर्यंत ती मनात शेटाणीला नाही नाही ते बोलली. मोठ्यांचं देणं म्हणजे हत्तीचे दात, असं काहीबाही. दवाखान्यात ती गेली नाही. गेली ती नाल्याच्या वरच्या अंगाला, महादेवाच्या देवळामागे, वना नानाकडे.

वना नाना धोतऱ्याचा धूर द्यायचा. देवळाभोवती धोतरा माजलेला असायचा, पांढऱ्या फुलांचा, काटेरी फळांचा. त्याची पानं तो सावलीत वाळवायचा, चुरायचा, खापरात निखाऱ्यावर टाकायचा आणि पपईच्या देठाची नळी करून पोराच्या तोंडात द्यायचा. म्हातारा बोलायला तिरसट होता, पण पंचक्रोशीतली दम्याची पोरं त्याच्याच नळीवर वाढली होती.

"पोऱ्या कितला वरीसना शे?"

"नऊ."

नानानं पोराच्या दंडाला हात लावला. "नऊ? इतलासा?"

"दमा शे ना, नाना."

"दख माय, मी दुसराव इचारस. हाऊ धोत्रा शे. महादेवले वाहतस तोच. तेनापुढे खोटं चालत नही. आम्हनं मोजमाप एकच, वरीस तितला झुरका. एक कमी चाली, एक वर नको. मोठला मानूसनी छाती मोठी, तो पेली लेस. धाकला पोऱ्यानी छाती मुठीएवढी. तेले ज्यास्ती दिन्हा, ते दम जाई आनि पोऱ्या भी जाई. आते सांग. कितला?"

"नऊ," मंजुळाबाई म्हणाली.

झुरके पोरानं ओढले. खोकला, डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा ओढले. आणि थोड्याच वेळात खांदे खाली आले. छातीतली शिट्टी बारीक होत होत बंद झाली. मंजुळाबाईला वाटलं, नानाचे पाय धरावेत, आणि तिनं ते धरलेच. नानानं तिला वाळल्या पानांची पुडी दिली आणि दम चढेल तेव्हाच द्यायचं, उगाच नाही, असं बजावून सांगितलं.

घरी येताना पोराचा चेहरा लालबुंद झाला होता. डोळ्यांच्या बाहुल्या पसरून डोळे नुसते काळे दिसत होते. उन्हाकडे बघवेना म्हणून त्यानं आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. खोपीत निजवलं तर तो हवेत हात वर करून बोटांनी काहीतरी खुडायला लागला. देठ खुडतात तसंच. एक खुडायचं, बाजूला टाकायचं, दुसरं खुडायचं. हवेत काहीच नव्हतं.

"काय करस रे?" तिनं हसून विचारलं.

"माय," तो कोरड्या तोंडानं म्हणाला, "घुंगरू वाजस."

मंजुळाबाईच्या हातातली पळी खाली पडली. "कोठे?"

"दूर. नाल्याकडे."

खड्ड्यात वाजलेल्या घुंगराचं तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. हिलालला नाही, भिकुबाईला नाही, या पोराला तर नाहीच. तिच्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी तिला इतका आनंद झाला की तिनं पदर तोंडात कोंबला. आता कोणी दात मोजो नाहीतर वजन करो. ह्याला आपलं घुंगरू आठवतंय! दुपार कलली तसं पोराचे डोळे निवळले. त्यानं पाणी मागितलं, पुष्कळ प्यायलं, आणि घुंगराचं विचारलं तर म्हणाला, "कसानं घुंगरू?"

इथून पुढे मंजुळाबाईचं जे झालं ते कोणत्याही आईचं झालं असतं. तरीही ते बरं नव्हतं, हेही खरंच. दम चढला की ती धूर द्यायची, ते ठीक. पण दम नुसता चढेलसा वाटला तरी ती खापर पेटवायला लागली. पोराची छाती ऐकायची सोडून पोर काय बोलतं तेच ऐकत बसायची. रांगेत देठ खुडताना तिचं लक्ष खोपीकडे असायचं. हिलालनं एकदा हटकलंही.

"आज ते तेना दम बरा व्हता. धूर कसाले दिन्हा?"

"तुम्हले काय समजस?" ती म्हणाली. "तो माले काही सांगस."

हिलालनं तिच्याकडे बघितलं आणि दाताळं खांद्यावर टाकून निघून गेला. त्याला भीती वाटली होती, पोराची की बायकोची ते त्याला कळत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला पोर पाचटाकडे बघत पडलं होतं. हात हवेत खुडत होते. एकाएकी ते थांबले. "घुंगरू जोडे ऊनं," तो म्हणाला. "आते खोपमांगे वाजस." मंजुळाबाई उठली आणि खोपीला वळसा घालून आली. मागे डागी मिरचीचा ढीग होता, काळा, ओला, वास मारणारा. वारा नव्हता. तरीही ढिगाच्या उतारावरून मिरच्या एकेक करून खाली घरंगळत होत्या, नुकतंच कोणी त्यावरून चालून गेल्यासारख्या. ती बघत उभी राहिली आणि मग भराभरा आत आली. पण आत येऊन ती काय म्हणाली? "ये रे मन्हा राजा," म्हणाली. पोराला कुशीत घेऊन ती ज्याला बोलावत होती तो कुशीत आहे की बाहेर, याचा तिनं विचारच केला नाही.

पौष संपत आला तेव्हा शेटजींच्या घरून पथारीवर बत्तासे वाटायला आले. मंजूला दहावं लागलं होतं. मंजू स्वतः ताट घेऊन आली होती, नवा परकर नेसून. मंजुळाबाईच्या ओंजळीत बत्तासे टाकताना ती हसली तेव्हा तिचे मोठे, करवतीच्या काठाचे नवे दात दिसले. मंजुळाबाई बघत राहिली. मंजूला दहावं, म्हणजे झुलाललाही दहावंच.

जेवणाची सुट्टी झाली. बाया सावलीला पांगल्या. पथारीवर टळटळीत ऊन होतं आणि सगळी लाली डोळ्यांत घुसत होती. पोर सकाळपासून जरासं घुरघुरत होतं, पण बत्तासा चघळत खेळतही होतं. मंजुळाबाईनं खापरात निखारे घेतले. पानांचा चुरा टाकला. नळी त्याच्या तोंडात दिली आणि मोजले. नऊ झाले. पोरानं तोंड फिरवलं. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"आखो एक, राजा. आते तू मोठला व्हयना."

त्यानं दहावा ओढला.

या वेळी काही निराळंच झालं. चेहरा लाल झाला आणि अंग तव्यासारखं तापलं. घामाचा थेंब नाही. काळीज इतकं उडत होतं की तिला ते त्याच्या गळ्यात दिसत होतं. तो उठून बसला, पडला, पुन्हा बसला. हात हवेत फिरायला लागले, पण खुडणं आता भराभर चाललं होतं, जणू काम संपवायची घाई होती. तिनं त्याला मांडीवर ओढून घेतलं. तेव्हा हात एकदम खाली आले. त्यानं मान वळवली आणि दाराकडे बघितलं. गोणपाट खाली सोडलेलं होतं.

"माय, दारमा कोन शे?"

"कोनी नही रे."

"शे ना. पोऱ्या शे."

मंजुळाबाईनं त्याला आणखी जवळ ओढलं. "कसा शे?"

"धाकला शे. मन्हापेक्षा धाकला." त्याची जीभ टाळूला चिकटत होती, पण बोलणं शांत होतं. "नागडा शे. कंबरले घुंगरू शे."

बाहेर कोणी बोलत नव्हतं. एवढ्या पथारीवर एक कावळासुद्धा ओरडत नव्हता.

"आनि अठे," पोर म्हणाला. त्यानं हात उचलला आणि एक बोट स्वतःच्या उजव्या कानामागे टेकवलं. तिथं त्याला डाग नव्हता. तिथं त्याची कातडी स्वच्छ होती. "अठे तेले काया डाग शे."

इतकी वर्षं तिनं ज्याला नऊचा केला, दहाचा केला, मंजूच्या वेणीबरोबर वाढवला, तो तीन वर्षांचाच राहून दाराशी उभा होता. मेलेलं लेकरू वाढत नाही. हे तिला कोणी सांगायला हवं होतं असं नाही. ते तिला खड्डा बुजवला तेव्हापासून माहीत होतं.

"तो काय म्हनस?" तिनं विचारलं.

पोरानं ऐकायला दाराकडे कान केला. मग त्यानं आपले काळेभोर डोळे तिच्याकडे वळवले. ते तिला बघत होते की नाही, कोण जाणे.

"तुले इचारस. म्हनस, माय, तुन्हा मांडीवर कोन शे?"

गोणपाट हललं. तिनं वर बघितलं नाही. तिनं खाली बघितलं. मांडीवर एक पोर होतं, बारीक, दुधाच्या दातांचं, डाव्या कानामागे डाग असलेलं, आणि त्याचा श्वास अडखळत होता. हे पोर पाच वर्षं तिच्या हातचं खात होतं, तिच्या अंगाला चिकटून झोपत होतं. ते नुसतं स्वतःसाठी कधी रडलं होतं का, कधी हसलं होतं का, हे तिला आठवेना. ती त्याच्याकडे बघून कायम दुसऱ्यालाच शोधत आली होती.

तिनं हंबरडा फोडला. पथारीच्या त्या टोकाला सुट्टीतही मिरची पालथी घालत असलेला हिलाल दाताळं टाकून पळत सुटला. खोपीत शिरला, पोर बघितलं, खापर बघितलं.

"कितला दिन्हा?"

"दहा."

"दहा? मंजुळे!" त्यानं हात उगारला, पण मारलं नाही. वेळ नव्हता. त्यानं पोर खांद्यावर टाकलं आणि धावायला लागला. मंजुळाबाई मागे. वळसा घालायला वेळ नव्हता, ते सरळ मिरचीतूनच धावले. शेटजी पथारीलगतच्या घराच्या ओसरीवरून ओरडत होते, "अरे माल तुडवता काय!" आणि कधी नव्हे ते धापूबाई त्यांच्यावर खेकसली, "चूप बसा जी! टाबर मरतंय त्यांचं." मंजू ताट हातात घेऊन उभी होती. मंजुळाबाई तिच्या शेजारून गेली, पण तिच्याकडे तिनं बघितलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं पोराची पापणी वर केली, नाडी धरली आणि काय दिलंत म्हणून विचारलं. हिलालनं धापा टाकत सांगितलं. डॉक्टर माणूस तरुण होता, चिडला, पण चिडण्यात वेळ घालवला नाही. कंपाउंडरला ओल्या चादरी आणायला सांगितल्या आणि सुई भरायला घेतली. भरता भरता थांबला.

"वय किती?"

मंजुळाबाईनं पोराचा पाय धरला.

"बाई, वय सांगा. धुराचं काय नि सुईचं काय, औषध वयावर असतं. याला मोठ्याचं दिलं तर आत्ता इथं टेबलावर जाईल. लवकर सांगा."

हिलालनं बायकोकडे बघितलं. इतकी वर्षं तो गप्प राहिला होता. आता तोंड उघडावं म्हणून त्याचे ओठ हललेही. पण ते सांगायचा हक्क आपला नाही असं त्याला वाटलं असावं, किंवा भीती वाटली असावी.

मंजुळाबाईनं दरवाज्याकडे बघितलं. दवाखान्याचा दरवाजा सताड उघडा होता. बाहेर ऊन होतं आणि एक बैलगाडी चालली होती. लांब जाणाऱ्या बैलाच्या गळ्यात काहीतरी वाजत होतं.

"पाच," ती म्हणाली. "पाच वरीसना शे."

नाल्यापलीकडे पुरलेलं पोर तिनं त्या एका शब्दानं दुसऱ्यांदा पुरलं. हिलाल भिंतीला टेकून खाली बसला आणि मिरचीनं माखलेल्या हातांनीच डोळे पुसायला लागला. आग होत असणार, पण तो थांबला नाही.

डॉक्टरनं सुईतलं थोडं औषध खाली सोडलं, उरलेलं दिलं. ओल्या चादरी बदलत राहिले. ऊन खिडकीवरून उतरून भिंतीवर गेलं. मंजुळाबाई पोराच्या पायथ्याशी उभी होती, बसा म्हटलं तरी बसली नाही. हळूहळू गळ्यातलं उडणं मंदावलं. मग पोराच्या कपाळावर बारीक बारीक थेंब आले. डॉक्टरनं बोटानं ते पुसले आणि बोट तिला दाखवलं. "घाम आला," तो म्हणाला. "आता भीती नाही. रात्रभर इथंच राहू द्या. दम्याचं औषध मी देईन, पण ते माझ्या हिशेबानं."

पोरानं डोळे अर्धे उघडले. बाहुल्या अजून मोठ्या होत्या, पण या खेपेला ते तिच्याकडेच बघत होते. "माय, पानी," म्हणाला. तिनं त्याच्या ओठांवर पाण्याचं बोट टेकवलं आणि तिला रडू कोसळलं. त्याच्या तोंडून माय हा शब्द तिनं हजारदा ऐकला होता, पण हाक कोण मारतंय हे तिला आज कळलं.

डॉक्टरनं हात पुसले, टेबलाशी बसला, टाक उचलला.

"वय पाच," तो स्वतःशीच बोलला. "आणि नाव काय याचं?"

हिलालनं मान वर केली. मंजुळाबाईनं पोराच्या डाव्या कानामागचा डाग अंगठ्यानं हळूच चोळला, पुसून जातो का बघितल्यासारखा. तो पुसला गेला नाही. तो त्याचाच होता.

"नाव ठेवानं राही गयं, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली.